गुरुवारचं लोडशेडिंग

कराडच्या शिक्षक कॉलनीत आता वीज जात नसे. गच्च्यांवर सौरपत्रे आणि जिन्यांखाली बॅटरीची कपाटं आल्यापासून दिवा साधा मिणमिणतही नव्हता. तरी दर गुरुवारी दिवेलागण झाली की देशमान्यांचं घर काळोखात बुडायचं, कारण नरेंद्रराव देशमाने स्वतः स्टुलावर चढून मेन स्विच खाली ओढायचे. कॉलनीत नव्याने राहायला आलेली माणसं विचारायची, काही बिघाड झालाय का. जुनी माणसं सांगायची, नाही, त्यांचं लोडशेडिंग असतं.

पस्तीस वर्षांपूर्वी हे लोडशेडिंग सरकारी होतं. संध्याकाळची वीज गेली की सगळी कॉलनी आपापल्या पायऱ्यांवर येऊन बसायची. कुणी भुईमुगाच्या शेंगा आणायचं, कुणी डासांसाठी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायचं, पोरं अंधारात लपंडाव खेळायची, आणि देशमान्यांच्या पायरीवर मेंढीकोटाचा डाव पडायचा. एका बाजूला नरेंद्रराव आणि हेमाबाई, दुसऱ्या बाजूला शेजारचे गुळाचे व्यापारी बाबूराव पाटणकर आणि त्यांच्या शैलाबाई. वीज आली की अख्खी कॉलनी ‘आली, आली’ करत घरात पळायची. हे चौघे मात्र तोंड वाईट करून शेवटचा हात संपवायचे.

पुढे लोडशेडिंग गेलं आणि पायऱ्यांवरची माणसंही आत गेली ती गेलीच. या चौघांना काही करमेना. शेवटी पाटणकरांनीच तोड काढली, की सरकार वीज घालवत नाही ना, मग आपण घालवू. तेव्हापासून गुरुवार ठरला. चार्जिंगचा एक जुना दिवा तेवढा डावाला चालायचा. तो दिवा कुठे ठेवायचा हे मात्र नरेंद्ररावच ठरवायचे. तो कायम हेमाबाईंच्या उजव्या हाताला. ‘हिला कमी दिसतं,’ असं ते सांगत.

त्या गुरुवारी पानं वाटून झाली. मेंढीकोटात सगळा जीव चार दश्श्यांत असतो. ज्यांनी चारही उचलल्या त्यांनी समोरच्यांवर कोट चढवला. नरेंद्ररावांच्या हातात किलवरचा एक्का होता. त्यांनी सवयीने दिव्याच्या उजेडात हेमाबाईंकडे एक नजर टाकली, एक्का मागे ठेवला आणि किलवरची तिरी टाकली. शैलाबाईंनी पंजी टाकली. हेमाबाईंकडे किलवरचं एकच पान होतं. ते त्यांनी हळूच खाली ठेवलं. दश्शी होती. पाटणकरांनी वर राजा मारला.

‘‘आवं, एक्का हातात ठेवून तिरी खेळलासा?’’ नंतर एक्का बाहेर आला तेव्हा पाटणकरांना स्वतःलाच पटेना. ‘‘वहिनींची दश्शी तुमी आमच्या ताटात वाढली की.’’

कोट चढला. इतक्या वर्षांत देशमान्यांवर कोट चढल्याचं कुणाला आठवत नव्हतं. खरं तर गेली दोन वर्षं पाटणकरही चाचपडतच खेळत होते, त्यामुळे जिंकल्याचा आनंद करावा की अचंबा, हे त्यांना उमजत नव्हतं. शैलाबाईंनी शेंगांची टरफलं गोळा केली आणि ते दोघं आपल्या घरी गेले.

नरेंद्ररावांनी मेन स्विच वर केला. उजेडात हेमाबाई पत्ते डबीत भरत होत्या.

‘‘पूर्वी तुम्हाला माझ्या मनातलं कळायचं,’’ त्या म्हणाल्या. आवाज वर्गात हजेरी घ्यावी तसा सपाट. ‘‘हल्ली काहीच कळत नाही.’’

नरेंद्रराव स्टुलावरच उभे राहिले. उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

इथे हेमाबाईंच्या कानांविषयी सांगायला हवं.

हेमाबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांचा चेहरा म्हणजे भिंतीवरचा नकाशा. त्यावर सगळं असायचं, पण हलायचं काही नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात नरेंद्ररावांना काय विचारावं सुचेना, म्हणून त्यांनी विचारलं होतं, ‘‘कृष्णा कोयनेला मिळते, की कोयना कृष्णेला?’’ जन्माने कराडकर असून हा प्रश्न. त्यांची आईसुद्धा ओशाळली. मुलीने चेहरा जराही न हलवता उत्तर दिलं, ‘‘कोयना कृष्णेला. समोरासमोर येऊन मिळतात दोघी.’’ पण ते सांगताना तिचे कान लाल झाले. पाळीपासून लाली सुरू झाली आणि जिना चढावा तशी वर गेली. नरेंद्ररावांनी घरी येऊन होकार कळवला.

पुढे संसारात त्यांना त्या कानांचा पुरता अभ्यास झाला. आनंदाची लाली पाळीपासून वर चढायची आणि रागाची वरच्या कडेवरून खाली उतरायची. साडीच्या दुकानात हेमाबाई प्रत्येक साडीला ‘बरी आहे’ म्हणायच्या, दुकानदार रडकुंडीला यायचा, आणि नरेंद्रराव शांतपणे त्यातली नेमकी एक उचलायचे. हेमाबाई घरी जाऊन शैलाबाईंना सांगायच्या, ‘‘यांना माझ्या मनातलं कळतं.’’ सगळ्या कॉलनीत नरेंद्ररावांचं नाव झालं होतं. बायकोचं मन ओळखणारा नवरा म्हणून बाकीच्या नवऱ्यांना त्यांचे दाखले मिळायचे. पत्त्यांत तर सोपंच होतं. पानं उचलली आणि कान लाल झाले, की हिच्याकडे दश्शी आहे. आपले एक्के आधी लावायचे. कान पांढरे राहिले, की एक्के राखायचे. या गुपिताबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दोघं नेहमीप्रमाणे आगाशिवचा डोंगर चढत होते. निम्म्या पायऱ्यांवर हेमाबाई बसल्या. ‘‘जरा दम लागलाय,’’ म्हणाल्या, चेहरा तोच. पण नरेंद्ररावांनी कान पाहिले. राखेसारखे झाले होते ते. त्यांनी खालून येणाऱ्या चार पोरांना हाका मारल्या आणि बायकोला अक्षरशः उचलून खाली आणलं.

हृदयाच्या दवाखान्यात डॉक्टर अबोली खैरमोडे होत्या. तरुण होत्या, हेमाबाईंच्याच शाळेत शिकलेल्या, आणि त्यांच्यासमोर अजूनही खुर्चीत जरा ताठ बसणाऱ्या. त्यांनी भिंतभर पडद्यावर हेमाबाईंची रक्तवाहिनी आतून दाखवली. बोगद्यासारखी नळी, आणि एका बाजूला भिंतीतून पुढे आलेला पिवळट फुगवटा.

‘‘पण ही तळलेलं खातच नाही,’’ नरेंद्रराव म्हणाले. ‘‘कोलेस्टेरॉल आलं कुठून?’’

‘‘काका, कोलेस्टेरॉल सगळ्यांच्यात असतं. शरीर स्वतःच ते तयार करतं. ते नसेल तर पेशीची साधी भिंत उभी राहणार नाही. ते रक्तातून फिरतं बारीक थेंबांमध्ये, आणि थेंब जास्त झाले की त्यांतले काही नळीच्या अस्तरामधून आत शिरून भिंतीत अडकतात. खरी कटकट तिथून पुढे सुरू होते. तुम्ही दूध संघाच्या प्रयोगशाळेत होता ना? तूप खवट कशाने होतं?’’

‘‘हवेने. उजेडाने. ऑक्सिजन लागतो त्याला.’’

‘‘तेच. आपल्या शरीरात ऑक्सिजनचे काही उपद्व्यापी तुकडे तयार होत असतात. थोडे असले तर शरीर त्यांना आवरतं. पण धूर, वाढलेली साखर, रक्तदाब, वर्षानुवर्षं कमी झोप, यांनी ते आवरेनासे होतात. मग भिंतीत अडकलेला थेंब त्यांच्या तावडीत सापडतो आणि खवटतो. खवटलेला थेंब शरीराला परका वाटतो. त्याला खायला पांढऱ्या पेशी धावतात, खाऊन खाऊन फुगतात, तिथेच मरतात, आणि त्यांचं हे किटण साठत जातं. वर नळीचं अस्तर दुखावतं ते वेगळंच. निरोगी अस्तर एक वायू सोडतं, त्याने नळी सैल होते, पसरते. दुखावलेलं अस्तर तो नीट सोडत नाही. नळी ताठरते. आणि एक दिवस किटणावरचा पापुद्रा फाटला, की तिथे रक्ताची गुठळी.’’

नरेंद्ररावांनी नोकरीभर तुपाच्या नमुन्यांत खवटपणा मोजला होता. किती टाक्या त्यांनी नापास केल्या होत्या. आणि घरात, आपल्या शेजारी, हे इतकी वर्षं चाललं होतं. त्यांना ती पायरी आठवली, कडुलिंबाचा धूर आठवला, त्यात मिसळलेला पाटणकरांच्या विड्यांचा धूर, आणि रात्री कंदिलाशी बसून दहावीचे पेपर तपासणारी हेमा. त्या संध्याकाळींची त्यांना एवढी ओढ होती, आणि तिथलाच काही धूर हिच्या नळ्यांत जाऊन बसला असेल, या विचाराने त्यांना कसंसंच झालं.

‘‘औषधं आहेतच,’’ डॉक्टर म्हणाल्या, ‘‘पण बाईंच्या नळीतलं हे किटण नुसत्या औषधांनी थांबणार नाही. आता वरून लावायचं अस्तर मिळतं. तुमच्या घरी पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे ना, आंबट कळकू नये म्हणून? तसंच. सुईतून रक्तात सोडायचं. ते सगळ्या नळ्यांच्या आतून पातळ बसतं. थेंब भिंतीत शिरू शकत नाहीत, खवटायचा प्रश्नच राहत नाही, आणि जुनं किटण शरीर हळूहळू उचलून नेतं. दोन वर्षांनी ते विरघळतं, मग पुन्हा लावायचं.’’

अस्तर लावलं. सहा महिन्यांत हेमाबाई आगाशिव चढल्या, सावकाश, पण वरपर्यंत. मुलगी ऋजुता पुण्याहून येऊन आईच्या गळ्यात पडून रडली. नरेंद्ररावांनी देवळात नारळ फोडला. सगळं आबादीआबाद झालं.

आणि घर गप्प झालं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते साडीच्या दुकानात. ‘बरी आहे, बरी आहे, बरी आहे.’ नरेंद्ररावांनी कानांकडे पाहिलं. ते शिंपल्यासारखे पांढरे. अंदाजाने उचललेली जांभळी साडी कपाटातच राहिली. ऋजुताला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा हेमाबाई ‘बरं झालं’ म्हणाल्या आणि खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या. नरेंद्ररावांना वाटलं, हिला नातू हवा होता की काय. तो विचार त्यांनी झटकून टाकला, पण तो परत परत आला.

खरवसाचं तर फारच झालं. दूध संघातल्या जुन्या सहकाऱ्याने चीक पाठवला. नरेंद्ररावांनी स्वतः गूळ-वेलची घालून खरवस केला, कारण तो हेमाबाईंचा जीव की प्राण. त्यांनी एक वडी खाल्ली, ‘बरा झालाय’ म्हणाल्या. कान पांढरे. नरेंद्रराव हिरमुसले. आवडलेला नाही, तर उगाच आग्रह कशाला, म्हणून उरलेला डबा त्यांनी पाटणकरांकडे नेऊन दिला. दुपारी हेमाबाईंनी फ्रिज उघडला आणि उघडाच ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

‘‘मी चारच्या चहाबरोबर खायचा म्हणून ठेवला होता,’’ त्या म्हणाल्या.

याच दिवसांत त्या केस सैल बांधायला लागल्या. जन्मभराचा तो घट्ट अंबाडा गेला. केस कानांवर उतरले. वयामुळे असेल, असं नरेंद्ररावांना वाटलं.

कोट चढल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी भाजी आणायच्या निमित्ताने ते दवाखान्यात गेले आणि आढेवेढे घेत त्यांनी डॉक्टरांना कानांचं विचारलं.

डॉक्टर आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा बघून थांबल्या. ‘‘काका, अस्तर नळीला एका मापात धरून ठेवतं. म्हणून तर रक्तदाब स्थिर राहतो. पण नळी एकदम पसरत नाही. माणूस लाजलं, खूश झालं, चिडलं, की कातडीतल्या बारीक नळ्या भसकन उघडतात आणि रक्त धावतं. ते आता होणार नाही. आतलं सगळं होतं. बाहेर येत नाही एवढंच.’’

‘‘आणि अस्तर पुन्हा लावलं नाही तर?’’

‘‘तर दोनेक महिन्यांत कान लाल होतील,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘आणि थेंब पुन्हा भिंतीत शिरायला लागतील. बाईंचे वडीलही हृदयानेच गेले. मी त्यांना विनाअस्तर ठेवणार नाही. पुढच्या महिन्यातली तारीख दिलीय मी.’’

परतताना नरेंद्ररावांनी भाजी घेतलीच नाही. एक क्षणभर, अगदी एकच क्षण, त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, की दोनच महिने राहू दे, नुसतं बघायला मिळेल. त्या क्षणाची त्यांना एवढी लाज वाटली, की ते चौकातल्या बाकावर बसून राहिले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दवाखान्याचा निरोप होता. हेमलता देशमाने यांनी आपली तारीख स्वतः रद्द केली होती.

घरी हेमाबाई नव्हत्या. कुठे असतील हे शोधायला कान लागत नव्हते. ते रिक्षा करून प्रीतिसंगमावर गेले. बागेच्या टोकाला, जिथून दोन्ही नद्या समोरासमोर येताना दिसतात, तिथल्या बाकावर त्या बसल्या होत्या. नरेंद्रराव शेजारी टेकले. धाप लागली होती.

‘‘तारीख का रद्द केलीस?’’

‘‘नको वाटलं.’’

‘‘नको वाटलं म्हणजे? हेमा, ही काय साडी आहे?’’

हेमाबाई पाण्याकडे बघत होत्या. बोलल्या तेव्हा सावकाश बोलल्या, एकेक शब्द चाचपत. ‘‘ऋजुताचा फोन आला ना, मुलगी झाली म्हणून. फोन ठेवला आणि मी वाट बघत बसले. माझे कान तापतील म्हणून. मला आतून तेवढंच कळायचं हो, लहानपणापासून. कान तापले, की समजायचं, आपल्याला आनंद झाला. तेव्हा तापलेच नाहीत; अस्तर लागल्यापासून तापतच नाहीत. मला वाटलं, आजी झाल्याचं मला काहीच वाटत नाही. अशी कशी झाले मी? असं दगड होऊन जगायचं तर ते अस्तर हवंय कुणाला.’’

नरेंद्ररावांच्या तोंडून निसटलं, ‘‘तुला कानांचं माहीत आहे?’’

आता हेमाबाईंनी मान वळवली. ‘‘शाळेत पोरी एकमेकींना खुणा करायच्या, बाईंचे कान लाल झाले, गप्प बसा. मला कसं माहीत नसेल? आणि तुम्ही तो दिवा माझ्या उजव्या हाताला ठेवायचात, मला कमी दिसतं म्हणून. मला चष्मा लागला तो साठीत.’’

नरेंद्ररावांना तोंड लपवायला जागा उरली नाही.

‘‘इतकी वर्षं केस मागे ओढून अंबाडा घातला, तो काय हौसेने? डोकं दुखायचं माझं,’’ हेमाबाई म्हणाल्या. ‘‘पण मला बोलता येत नाही, आणि तुम्ही बघत होता. म्हटलं, बघू देत. आपोआप कळतंय तर बरं आहे. फक्त मला असं वाटत होतं, की एवढ्या वर्षांत कानांशिवायही थोडंसं कळायला लागलं असेल. खरवस तुम्ही उचलून देऊन टाकलात, तेव्हा कळलं, की नाही.’’

हे मात्र नरेंद्ररावांना लागलं. लागायलाच हवं होतं. 

‘‘नाही लागलं कळायला,’’ नदीकडे बघत ते म्हणाले. ‘‘आयतं उत्तर समोर दिसत होतं, म्हणून मी प्रश्नच विचारला नाही कधी. मन ओळखतो म्हणून कॉलनीभर मिरवलो, आणि तुला साधं ‘अजून एक वडी देऊ का’ एवढंही विचारलं नाही.’’

‘‘तुम्ही कशाला मनाला लावून घेता?’’

‘‘ऐक. डॉक्टर म्हणाल्या, आतलं सगळं होतं, अस्तरामुळे बाहेर येत नाही एवढंच. मी ते कान सगळ्या तऱ्हांनी पाहिलेत. पोह्यांच्या दिवशी पाहिले, ऋजुताच्या वेळी पाहिले. पण आगाशिवच्या पायऱ्यांवर ते कसे झाले होते, ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं. राखेसारखे. मला पुन्हा ते तसे बघायचे नाहीत, हेमा. त्यापेक्षा जन्मभर पांढरे राहू देत. पण ते घरात, माझ्यासमोर हवेत. मला तू हवी आहेस गं.’’

एवढी सरळ वाक्यं त्यांनी आयुष्यात कधी उच्चारली नव्हती. त्यांचा आवाज फाटला, तेव्हा शेजारच्या बाकावरचा म्हातारा उठून दुसरीकडे जाऊन बसला.

‘‘मग मला आनंद झाला, हे कळणार कसं?’’ हेमाबाईंनी विचारलं. ‘‘तुम्हाला, आणि मला?’’

‘‘मी विचारेन. तू सांग. ‘बरं आहे’ सोडून काहीही सांग.’’

‘‘मला नाही जमायचं.’’

‘‘मलाही विचारता येत नाही. मी जन्माने कराडकर, आणि पहिल्या भेटीत तुला काय विचारलं आठवतंय ना?’’

हेमाबाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. नरेंद्ररावांनी सवयीने केसांखालच्या कानाकडे पाहिलं, मग मुद्दाम नजर काढून घेतली आणि तोंडाने विचारलं, ‘‘आत्ता तुला काय हवंय?’’

कोयनेच्या बाजूने एक नाव आली आणि संगम ओलांडून गेली.

‘‘भेळ,’’ हेमाबाई म्हणाल्या. मग पुढचं वाक्य त्यांनी जवळजवळ ढकलून बाहेर काढलं. ‘‘ओली. मिरची जास्त. आणि तुमच्यातली नको, मला वेगळी पाहिजे.’’

अस्तर ठरल्या महिन्यात पुन्हा लावलं. डॉक्टर खैरमोड्यांनी सुई काढताना विचारलं, ‘‘बाई, दुखलं का?’’ ‘‘दुखलं,’’ हेमाबाई म्हणाल्या, ‘‘आणि तुझा हात अजून माझ्या तासाला नकाशे काढताना होता तसाच जड आहे.’’ डॉक्टर खुर्चीत आणखी ताठ बसल्या. घरी येताना हेमाबाईंनी सांगितलं, जांभळी साडी त्यांना मुळीच आवडलेली नाही. नातीच्या बारशाला त्या ऋजुताला म्हणाल्या, ‘‘मला फार आनंद झालाय, फोन आला त्याच दिवशी झाला होता, सांगायचा राहिला.’’ ऋजुता घाबरली. तिने बाबांना बाजूला घेऊन विचारलं, आईची तब्येत बरी आहे ना.

मग गुरुवार आला. नरेंद्ररावांनी मेन स्विच ओढला. कॉलनीचा झगझगाट खिडकीबाहेर राहिला आणि घरात ती जुनी संध्याकाळ उतरली. शैलाबाईंनी शेंगा ओतल्या, पाटणकरांनी पानं पिसली. विडी त्यांनी केव्हाच सोडली होती, पण पिसताना ओठ अजून तसेच दाबून धरायचे. नरेंद्ररावांनी दिवा उचलला, हेमाबाईंच्या उजव्या हाताकडे नेला, थबकले, आणि मधोमध ठेवला.

पानं वाटून झाली. नरेंद्ररावांच्या हातात पुन्हा किलवरचा एक्का आला होता. उतारी त्यांचीच. त्यांनी हेमाबाईंकडे पाहिलं. सैल केस, त्यांतून डोकावणारे पांढरे कान, नकाशासारखा चेहरा.

‘‘माझ्याकडे किलवर दश्शी आहे,’’ हेमाबाई म्हणाल्या.

शैलाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. पाटणकरांनी पत्ते छातीशी धरले. ‘‘आवं वहिनी, ह्ये काय? असं सांगायचं नसतंय.’’

‘‘मला सांगायची सवय करायला सांगितलंय.’’

‘‘मग खेळ कसला ऱ्हायला?’’ पाटणकर वैतागले, आणि वैतागाच्या भरात त्यांच्या तोंडून भलतंच गेलं. ‘‘त्यापरीस तुमचं कान लाल व्हायचं त्ये बरं होतं. आमाला बी कळायचं, दश्शी कुठंय ती. गेली दोन वरसं आंधळ्यावानी खेळतुय आमी.’’

‘‘अहो,’’ शैलाबाई नवऱ्याला दटावत म्हणाल्या, पण फार उशीर झाला होता.

नरेंद्रराव एकदा पाटणकरांकडे बघत होते, एकदा शैलाबाईंकडे. पस्तीस वर्षं. ज्या एका गुपितावर त्यांनी कॉलनीभर नाव कमावलं, ते त्या पायरीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. जिच्या कानांची गोष्ट होती तिलाही, आणि ज्यांच्यापासून लपवायची त्यांनाही. त्यांनी मुकाट्याने किलवरचा एक्का खाली टाकला. शैलाबाईंनी दुर्री टाकली, हेमाबाईंनी दश्शी टाकली, पाटणकरांनी हताश होऊन हातातला एकुलता किलवर, राजा, टाकला. हात देशमान्यांचा झाला, आणि दश्शी घरी आली.

हेमाबाईंनी तो हात उचलला नाही. त्या नवऱ्याकडे निरखून बघत होत्या. मग त्यांनी मधोमध ठेवलेला दिवा उचलला आणि नरेंद्ररावांच्या उजव्या हाताला नेऊन ठेवला.

‘‘कान पाळीपासून लाल होतायत,’’ त्या शैलाबाईंना म्हणाल्या. ‘‘म्हणजे राग नाही. बघा तरी, यांचेही होतात. इतकी वर्षं दिवा माझ्याकडेच होता, दिसणार कसे?’’

नरेंद्ररावांनी हात कानाला लावून पाहिला. कान चांगलाच तापला होता.

‘‘आनंद झालाय का?’’ हेमाबाईंनी विचारलं.

‘‘हो,’’ नरेंद्रराव म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान टाकलं.